नांगर सोडून निघालेली बोट: एका निवृत्त जोडप्याचं प्रकरण

बारा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर एक निवृत्त जोडपं राहतं. दोघंच. हिवाळाभर उबदार, उथळ किनारी पाण्यात एका बेटाआडून दुसऱ्या बेटाआड सरकत राहायचं आणि वादळांचे महिने जवळ आले की तिथून काढता पाय घ्यायचा, असा त्यांचा हा पाचवा हंगाम. नवरा 71 वर्षांचा, बायको 67 वर्षांची. एका सकाळी नवरा कोसळतो, त्याच रात्री वारा फिरणार असतो, आणि नजरेच्या टप्प्यात दुसरी बोट नसते. पुढच्या पाच तासांत काय झालं आणि ते तसं का झालं, त्याचा हा लेखाजोखा.

आधी एक खुलासा. प्रकरण एकाच जोडप्याचं म्हणून सांगितलंय, पण अशा अनेक बोटींवर जे घडत असतं त्यातून ते जुळवलेलं आहे. म्हणून माणसांची नावं नाहीत, बोटीचं नाही, बेटाचंही नाही. आपण त्यांना काका आणि काकू म्हणू. यंत्रं, औषधं, वारा आणि रेडिओ यांचं वागणं मात्र जसं असतं तसंच आहे.

ही हकिगत ऐकणारे बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: वय झालं होतं, या वयात कशाला हे उद्योग. मला ते पटत नाही. वयाचा हात होता, पण तो साखळीतल्या शेवटच्या कड्यांपाशी. पहिलं कडं बॅटरी होतं.

बॅटरीपासून गोळीपर्यंत

बोटीवर शिशाच्या बॅटऱ्यांचा 400 अँपिअर-तासांचा संच होता. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून 12 व्होल्टच्या या संचातून वापरायला मिळतात जेमतेम 200 अँपिअर-तास, म्हणजे सुमारे 2.4 किलोवॅट-तास वीज. तीही बॅटरी नवी असताना. हा संच चौथ्या वर्षात होता आणि इंजिनाला खेटून बसवलेला होता. तापमान 10 अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे, आणि उष्ण पाण्यातल्या बोटीत इंजिनाजवळची जागा म्हणजे कायमची भट्टी. त्यात नांगरावर उभी असलेली बोट सौरपट्ट्यांवर जगते. डोलकाठीची सावली पट्टीच्या एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या पट्टीची वीज गडगडते. बॅटरी रोज ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत भरायची आणि तिथेच थांबायची. अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी आतून सल्फेटने कडक होत जाते. पहाटे फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवे मंद व्हायचे.

काकांनी ठरवलं, हा हंगाम रेटू, बॅटऱ्या नंतर बदलू. निवृत्तीच्या पैशांवर जगणारा माणूस असंच ठरवतो आणि त्यात वेडेपणा काही नाही. पण बोटीवर वीज कमी पडते तेव्हा नुसते दिवे जात नाहीत. पहिला बळी गेला तो खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या यंत्राचा.

हे यंत्र समुद्राचं पाणी साधारण 55 ते 60 बार दाबाने एका पडद्यातून ढकलतं. दाबातली ऊर्जा परत वापरणारं छोटं यंत्र असेल तर लिटरमागे चार-पाच वॅट-तासांत भागतं. दोघांना रोज पंचवीस-तीस लिटर पुरतं, म्हणजे हिशेबाने वीज फार नाही. पण पंप चालू होताना व्होल्टेज खाली जायचं आणि यंत्र स्वतःच बंद पडायचं. मग काकांनी ते बंदच ठेवलं. बंद ठेवलेल्या यंत्राचा पडदा उष्ण पाण्यात काही दिवसांतच बुळबुळीत होऊन सडायला लागतो. तो वेळोवेळी गोड्या पाण्याने धुवावा लागतो, आणि ते पाणी क्लोरीनचं चालत नाही, कारण क्लोरीन पडदा खातं. हे सगळं करायला गोडं पाणीच खर्च होणार, म्हणून तेही राहिलं.

टाकीत निम्मं, म्हणजे सुमारे 200 लिटर पाणी होतं. काकूंच्या मते ते भरपूर होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. काका मात्र रोज सकाळी टाकीची पातळी वहीत लिहायचे आणि काटकसर करायचे. सगळ्यात जास्त काटकसर स्वतःच्या पिण्यात. त्यामागे आणखी एक कारण होतं, जे या वयाचे पुरुष सहसा बोलून दाखवत नाहीत: रात्री लघवीला उठायला नको. हलणाऱ्या बोटीवर अंधारात उठणं खरंच धोक्याचं असतं. कठड्याशी उभं राहून लघवी करताना तोल जाऊन पाण्यात पडणं हा समुद्रावरचा जुना, ओळखीचा अपघात आहे. पण त्यावर उपाय म्हणून संध्याकाळी चारनंतर पाणीच तोडणं हा इलाज रोगापेक्षा महाग पडतो. वय वाढलं की तहान लागण्याची जाणीवच बोथट होते. शरीर कोरडं पडतं आणि माणसाला कळत नाही.

दुसरा बळी विंडलास, म्हणजे नांगराची साखळी वर ओढणारं मोटरचं चक्र. ही मोटर शंभरेक अँपिअर खेचते. व्होल्टेज टिकेना, संरक्षक स्विच सारखा पडू लागला. काकांनी बॅटरीला दोष दिला आणि नांगर हाताने उचलायला सुरुवात केली. इथे थोडा हिशेब करू. नांगर 25 किलोचा. 10 मिलिमीटर जाडीची साखळी मीटरमागे सव्वादोन किलोच्या आसपास. पाच मीटर खोल पाण्यात बोट नांगराच्या थेट डोक्यावर आली की सहा मीटर साखळी आणि नांगर मिळून चाळीसेक किलो हातावर येतात. पाण्यात थोडं कमी भरतं, पण चिखल आणि वाळूत रुतलेलं तोंड सोडवायचा जोर वेगळाच. दर दोन-तीन दिवसांनी हे केल्यावर 71 वर्षांची कंबर धरणारच.

कंबर धरली म्हणून औषधांच्या डब्यातून आयबुप्रोफेनची 400 मिलिग्रॅमची गोळी. दिवसातून तीनदा, सलग चार दिवस. कुठल्याही घरात ही गोळी बिनदिक्कत घेतली जाते. काका रक्तदाबासाठी आधीपासून दोन गोळ्या घेत होते: लिसिनोप्रिल, आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड.

हे त्रिकूट डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, रुग्णांना फारसं नाही. मूत्रपिंडातल्या प्रत्येक बारीक गाळणीला रक्त आत आणणारी एक नळी आणि बाहेर नेणारी एक नळी असते. शरीरात पाणी कमी झालं की मूत्रपिंड आतली नळी रुंद ठेवतं आणि बाहेरची आवळतं, म्हणजे गाळणीतला दाब टिकतो. आयबुप्रोफेन आतली नळी रुंद होऊ देत नाही. लिसिनोप्रिल बाहेरची नळी आवळू देत नाही. तिसरी गोळी, घाम आणि कमी पिणं मिळून मुळात रक्तातलं पाणीच घटवतात. बचावाचे दोन्ही दरवाजे बंद आणि वर दुष्काळ. गाळणीतला दाब पडतो आणि मूत्रपिंड काम थांबवतं.

त्या सकाळी काका इंजिनाच्या खोलीत तासभर घालवून बाहेर आले. समुद्राचं पाणी इंजिनात खेचणाऱ्या पंपाचं रबरी चाक बदलायचं होतं. काम साधं, पण अंगाची घडी करून करावं लागतं आणि आत उकाडा असा की घाम डोळ्यांत उतरतो. ते शिडीवरून वर आले, कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या जागेत, उभे राहिले आणि खाली बसले नाहीत, पडले.

साडेदहा ते साडेतीन

काकू धावत वर आल्या. काका शुद्धीवर होते, पण बोलणं सैरभैर. पंपाचं चाक बसवलं का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. हात-पाय थरथरत होते. काकूंच्या लक्षात आलं की रात्रीपासून यांना लघवीला फारशी झालेलीच नाही, आणि पहाटे झाली ती काळ्या चहासारखी. त्यांनी काकांना सावलीत आडवं केलं, पायाखाली उशी दिली, अंगावर ओला टॉवेल टाकला. फोनला रेंज नव्हती.

रेडिओ त्यांना वापरता येत होता. हवामानाचा अंदाज रोज त्याच ऐकून लिहून काढत. चॅनेल 16 वर, म्हणजे मदतीच्या हाकेसाठी सगळ्या बोटी ऐकतात त्या वाहिनीवर, त्यांनी तीनदा पॅन-पॅन पुकारलं, बोटीचं नाव, जागा आणि अडचण सांगितली. पॅन-पॅन म्हणजे तातडीचं आहे, पण जिवावरचा धोका या क्षणाला समोर उभा नाही. जिवावर आलं असेल तर मेडे. माझ्या मते त्यांनी थेट मेडे पुकारलं असतं, किंवा रेडिओवरचं झाकणाखालचं लाल बटण दाबून ठेवलं असतं, तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ते बटण बोटीचा नऊ आकडी ओळख क्रमांक आणि उपग्रहाकडून मिळालेली जागा आपोआप पाठवतं, धांदलीत आकडे वाचायची वेळ येत नाही. मेडे नंतर मागे घेता येतं. मोठ्या वयाची माणसं इथे विनाकारण भिडस्त होतात, उगाच कुणाला त्रास कशाला म्हणून.

डोलकाठीच्या टोकावर अँटेना असली की 25 वॅटचा रेडिओ किनारी पाण्यात पंधरा-वीस मैल सहज पोहोचतो. बारा सागरी मैलांवरच्या एका बोटीने हाक ऐकली आणि पुढे किनाऱ्यावरच्या केंद्राला कळवली. त्या दुव्यातून डॉक्टर मिळाला. समुद्रावरच्या माणसाला डॉक्टरचा सल्ला रेडिओवरून देण्याची सोय नवी नाही. रोममधली सीआयआरएम ही संस्था 1935 पासून कुठल्याही देशाच्या जहाजाला असा सल्ला फुकट देते, आणि तिचे पहिले अध्यक्ष खुद्द मार्कोनी होते. किनारी केंद्रांकडे आज अशा वैद्यकीय सल्ल्याची वाट असते. ती वाट आहे हेच बऱ्याच हौशी बोटवाल्यांना ठाऊक नसतं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न: कुठल्या गोळ्या चालू आहेत? काकूंनी पाकिटं आणून एकेक नाव वाचलं. रक्तदाबाच्या दोन वाचून झाल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "कंबरेसाठी एक साधी गोळी घेताहेत, ती सांगायची का?" सगळं निदान त्या एका साध्या गोळीत होतं. तिन्ही बंद करा, क्षार-साखरेचं पाणी घोटाघोटाने द्या, लघवी किती होते ते मोजा, आणि आज संध्याकाळच्या आत सलाइन लावता येईल अशा ठिकाणी पोहोचा. तयार पाकिटं संपली होती. काकूंनी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळलं. हे प्रमाण त्यांना पाठ होतं.

आता वाऱ्याचं. बोट बेटाच्या पश्चिमेला नांगरून होती. पूर्वेचा नेहमीचा वारा असताना ही जागा अगदी शांत. पण हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा खाली सरकतो तेव्हा वारा दक्षिणेकडून पश्चिमेला आणि मग वायव्येला फिरतो, आणि तीच शांत जागा उलटते: समोरून मोकळा समुद्र, पाठीमागे खडक. वारा मध्यरात्रीनंतर फिरेल असा अंदाज होता. दुपारी इथून हलायचं हे आधीच ठरलं होतं. ठरलं होतं ते काका नांगर उचलतील या हिशेबाने.

दवाखाना असलेलं बंदर पूर्वेला 18 सागरी मैलांवर. साडेपाच नॉट, म्हणजे तासाला साडेपाच सागरी मैल, या वेगाने सव्वातीन तास. बंदराच्या तोंडाशी प्रवाळाचे खडक, आणि ते पाण्याच्या रंगावरून ओळखत जावं लागतं: गडद निळं खोल, फिकट हिरवं उथळ वाळूचं, तपकिरी दिसलं की प्रवाळ. त्यासाठी सूर्य वर आणि पाठीशी हवा. चारनंतर किरणं तिरपी होतात आणि पाणी नुसतं चकाकतं. म्हणजे साडेबाराच्या आत निघायलाच हवं. नशिबाने दिशा पूर्वेची होती, दुपारचा सूर्य पाठीवर येणार होता. बंदर पश्चिमेला असतं तर गणित वेगळं झालं असतं.

थांबून राहायचं का, हाही पर्याय होता. रेडिओवर हाक ऐकलेली बोट दोन-अडीच तासांत इथवर आली असती. पण मग बंदर गाठायला उजेड उरला नसता. त्या बोटीवरच्या माणसांशी बोलून ठरलं की दोन्ही बोटींनी बंदराच्या दिशेने निघायचं आणि तोंडाशी भेटायचं.

राहिला नांगर. काकूंनी साखळीला हात घालून पाहिला आणि दोन मिनिटांत सोडून दिला. रेडिओवरचा माणूस म्हणाला, "उचलू नका, सोडून द्या." ही गोष्ट पुस्तकात सगळे वाचतात, करायची वेळ आली की जिवावर येतं. नांगर आणि साठ मीटर साखळी म्हणजे पैसा. शिवाय नांगर नसलेली बोट म्हणजे ब्रेक नसलेली गाडी. काकूंनी आधी मागच्या कप्प्यातून दुसरा, हलका ॲल्युमिनियमचा नांगर दोरीसकट ओढून कॉकपिटमध्ये आणला आणि दोरीचं टोक पक्कं बांधलं. वाटेत इंजिन बंद पडलं तर उथळ पाण्यात एवढं तरी हाताशी. यात वीस मिनिटं गेली, आणि माझ्या मते त्या दिवसातला तो सर्वात शहाणा निर्णय होता.

मग सोडायचं काम. साखळीचं आतलं टोक बोटीला लोखंडी कडीने जोडलेलं असेल तर ती कडी गंजून बसते आणि ऐनवेळी करवत घेऊन झगडावं लागतं. इथे तसं नव्हतं. काकांनीच कधीतरी ते टोक जाड दोरीने बांधून ठेवलं होतं, आणि दोरी एवढी लांब की सगळी साखळी बाहेर गेल्यावर ती डेकवर दिसावी. काकूंनी त्या दोरीला, कापायच्या जागेच्या पलीकडे, दहा मीटरची बारीक दोरी आणि तिच्या टोकाला एक फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून लटकवायचा हवेचा फुगा, बांधला. चक्राचा क्लच सैल केला. उरलेली साखळी खडखडत पाण्यात गेली आणि दोरी ताणून थांबली. वारा हलका होता म्हणून ताण कमी. स्वयंपाकघरातल्या दातेरी सुरीने त्यांनी दोरी कापली. फेंडर पाण्यावर डुलत मागे राहिला. माणूस पाण्यात पडला की दाबायचं बटण नकाशाच्या पडद्यावर असतं, ते दाबून त्यांनी ती जागा नोंदवली.

बारा वीसला बोट निघाली. स्वयंचलित सुकाणू लावलं, दर पंधरा मिनिटांनी काकांना चार घोट पाणी, दर अर्ध्या तासाने रेडिओवर जागा. "अहो, माझ्याशी बोलत राहा," एवढंच त्या म्हणत होत्या. दोन वाजता काका पहिल्यांदा नीट वाक्यात बोलले आणि त्यांनी इंजिनाचं तापमान विचारलं.

बंदराच्या तोंडाशी दुसऱ्या बोटीची रबरी डिंगी आली, दोन माणसं चढली, आणि साडेतीनला ही बोट धक्क्याला लागली. दवाखान्यात सलाइन लागलं. मूत्रपिंड थकलं की रक्तात साचणारं क्रिएटिनिन बरंच चढलेलं आणि सोडियम उतरलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी लघवी सुरू झाली, आठवड्याभरात आकडे उतरले, डायलिसिसची वेळ आली नाही. वारा रात्री ठरल्यासारखा फिरला. तो पडल्यावर दुसऱ्या बोटीवरच्या मंडळींनी जाऊन नांगर आणि साखळी काढून आणली. फेंडर नोंदवलेल्या जागीच होता.

काकूंना बोट का चालवता आली

बोटींवर राहणाऱ्या जोडप्यांत एक विचित्र वाटणी सर्रास दिसते. पुरुष सुकाणूवर उभा राहतो आणि बाई पुढे जाऊन नांगर, साखळी, दोर सांभाळते. म्हणजे ताकदीचं काम कमी ताकदीच्या माणसाकडे, आणि गिअर-थ्रॉटल हलवण्याचं काम दंडवाल्याकडे. कारण विचारलं तर सांगतात, धक्क्याला लावताना रंग खरवडेल. पहिली दोन-तीन वर्षं रंग वाचतो आणि त्या बदल्यात बोटीवर चालवणारा एकच उरतो.

या जोडप्याचंही चार हंगाम असंच होतं. पाचव्या हंगामात विंडलास रुसल्यामुळे काकांना स्वतः पुढे जाऊन साखळी ओढावी लागली, आणि सुकाणू नाइलाजाने काकूंकडे आलं. दर वेळी बोट हळूच पुढे घ्यायची, नांगराच्या डोक्यावर आणून थांबवायची, वाऱ्याने नाक वळू लागलं की थोडा गिअर द्यायचा. हे शिक्षण कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. ज्या बिघाडाने काकांची कंबर गेली, त्याच बिघाडाने काकू तयार झाल्या. विंडलास ठणठणीत असता तर काका कदाचित पडले नसते. पण दुसऱ्या कुठल्या कारणाने पडले असते तर काकूंनी त्याआधी गिअरला हातही लावलेला नसता.

म्हणून या प्रकरणात काकूंच्या धैर्याचं कौतुक करणाऱ्यांना मी थोडं थांबवतो. धैर्य होतंच. पण पाच तासांत त्यांनी जे केलं त्यातलं जवळजवळ काहीच त्या दिवशी पहिल्यांदा केलं नव्हतं. रेडिओ रोजचा, सुकाणू काही आठवड्यांचं, रंगावरून खडक ओळखणं तर पुढे उभं राहून राहून काकांपेक्षा त्यांनाच चांगलं येत होतं. जे आलं नाही ते त्यांनी केलंच नाही: साखळी उचलली नाही, आणि अनोळखी धक्क्याला बोट एकटीने लावली नाही.

दुरुस्त्या

विंडलासची गोष्ट आधी, कारण ती लाजिरवाणी आहे. मोटर, बॅटरी दोन्ही बाजूला ठेवून वायरमनने जाड तारेचा पुढचा जोड उघडला तर आत हिरवी भुकटी. खाऱ्या हवेने तांबं खाल्लेलं. नांगर उचलताना इंजिन चालू असतंच, त्यामुळे थकलेल्या बॅटरीनेही अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या, जोरावर हे काम रेटलं असतं. म्हणजे कंबर गेली ती एका न तपासलेल्या जोडापायी.

बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बसवल्या. या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येतात आणि अर्धपोटी राहिल्या तरी कुरकुरत नाहीत. पण जुन्या काढून त्या जागी नव्या ठेवल्या असं करून चालत नाही. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट गिळते, त्याने साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि तिच्यातल्या संरक्षक यंत्रणेने मध्येच जोडणी तोडली तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. मधे करंटवर लगाम ठेवणारा चार्जर लागतो, आणि इंजिन सुरू करायची शिशाची बॅटरी वेगळीच ठेवलेली बरी. जागाही बदलली, इंजिनापासून दूर. गोडं पाणी करणाऱ्या यंत्राचा पडदा वाया गेला होता, नवा घातला.

औषधांच्या डब्यातून आयबुप्रोफेन आणि तिच्या सगळ्या बहिणी गेल्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल. उलट्या, जुलाब किंवा उन्हाने कोरडं पडल्यासारखं वाटलं तर रक्तदाबाच्या कुठल्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद रेडिओशेजारी चिकटवला आहे. रात्रीसाठी कॉकपिटमध्ये झाकणाची बाटली. काका आता संध्याकाळीही पाणी पितात.

उन्हाळ्याचं वेळापत्रकही आखडलं. अटलांटिकच्या बाजूला वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर धरतात, आणि त्या काळात बोट कुठल्या अक्षांशाच्या आत नको हे विम्याच्या कागदातच असतं. मे अखेरपर्यंत रेंगाळून मग घाईघाईने पळण्यापेक्षा आता एप्रिलमध्येच बोट पाण्याबाहेर काढून पट्ट्यांनी जमिनीशी आवळायची, असं ठरलं. उकाड्याचे आठवडे त्यातच टळतात.

एका गोष्टीवर दोघांचं अजून जमलेलं नाही. काकूंचं म्हणणं, महिन्यातून एक दिवस काकांनी पाहुण्यासारखं बसून राहायचं: नांगर उचलण्यापासून धक्क्याला लावण्यापर्यंत सगळं त्या एकट्याने करणार, आणि ज्या दिवशी ते जमेनासं होईल त्या हंगामाच्या शेवटी बोट विकायची. पहिला भाग काकांनी मान्य केला. दुसऱ्यावर ते म्हणाले, "अगं, मग माझी परीक्षा कधी?" काकूंनी उत्तर दिलं, तीही त्याच महिन्यात, दुसऱ्या दिवशी. बोट कधी विकायची त्याची अट अजून वहीत लिहिलेली नाही.